तुगयानी आणि तिची मापे

शताब्दी ग्रंथासाठी हैदराबादच्या इतिहासातील एखाद्या विषयावर लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहिली ती एक भिंत. गौळीगुड्यातील आमच्या जुन्या घरात, माजघराच्या दाराशेजारी, खिळ्याने ओरखडून काढलेली एक आडवी रेघ होती. तिच्यावर मोडीत काही अक्षरे होती; ती आम्हा मुलांना वाचता येत नसत. ‘तुगयानीचं पाणी इथवर आलं होतं,’ एवढे आजी सांगे. तुगयानी हा शब्द फारसी-उर्दूतला, अर्थ मर्यादा सोडून उसळणे. हैदराबादच्या मराठी घरांत तो इतका रुळला होता, की ‘महापूर’ हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात प्रथम वाचला. आजी स्वतः त्या वेळी जन्मलेली नव्हती. तिने हे तिच्या सासूबाईंकडून ऐकलेले. त्या सासूबाई पाणी चढू लागताच लेकरांना घेऊन माळवदावर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी खाली उतरल्या, एवढीच त्यांची हकिगत. पण ती सांगताना आजीचा हात दर वेळी त्या रेघेकडे जाई.

१९८६ साली घरात लग्न निघाले. भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला, वर रंग बसला आणि ती रेघ गेली. त्या वेळी कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही.

सोमवार, दि. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी त्याच्या कथा असतील. प्रस्तुत लेखात त्या कथांची उजळणी करण्याचा हेतू नाही. पाऊस किती पडला, नदी किती चढली, हे त्या काळी कोण मोजत होते, ते माप कोणाच्या हाती जात होते आणि पुढे त्याचे काय झाले, एवढ्याच अंगाने त्या घटनेकडे पाहावयाचे आहे.

मुसी ही तशी दुबळी नदी. अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते, वाटेत ईसी नदीला पोटात घेते आणि शहराचे दोन भाग करून पूर्वेकडे कृष्णेच्या भेटीला जाते. वर्षातील आठ-नऊ महिने पात्रात धोब्यांचे दगड आणि वाळू. अशी नदी शेजारी असली की माणसे तिच्या अंगाखांद्यावर घरे बांधतात. १९०१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती सुमारे साडेचार लाख होती आणि तिचा मोठा भाग दोन्ही काठांवर दाटीने राहत होता.

या नदीच्या पाणलोट क्षेत्राचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. काकतीयांच्या काळापासून तेलंगणात तलाव बांधण्याची मोठी परंपरा आहे. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्या खालच्यात, अशी ती साखळी असते. शहराच्या वरच्या बाजूस मुसी-ईसीच्या खोऱ्यात असे ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलामागे एक. साधारण पावसाळ्यात हे तलाव पूर अडवीत. मात्र वरचा एखादा कट्टा फुटला की त्याचे पाणी खालच्या कट्ट्यावर आदळते, तोही फुटला की दोघांचे मिळून तिसऱ्यावर. १९०८ मध्ये असे २२१ तलाव फुटले. मुसीला त्या रात्री आलेले पाणी नुसते आभाळातले नव्हते. कित्येक पिढ्यांनी मातीच्या भिंतींमागे जपलेले पाणीही त्यात होते.

पावसाचे माप मात्र उपलब्ध आहे. शहराच्या दक्षिणेस असलेल्या शमशाबादच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पावसाची नोंद झाली; आजच्या भाषेत अनुक्रमे सुमारे ३२५ आणि ४८० मिलिमीटर. हैदराबादला वर्षभरात सरासरी बत्तीस इंचांच्या आसपास पाऊस होतो. वर्षाच्या पावसापैकी अर्ध्याहून अधिक दोन दिवसांत कोसळला. हा आकडा पुढे प्रत्येक अहवालात आला, आजही येतो.

मला या आकड्याविषयी नेहमी एक गोष्ट खटकत आली आहे. पर्जन्यमापक हे मोठे साधे यंत्र आहे. एक नरसाळे, खाली एक भांडे, शेजारी मापाची काचनळी. त्या काळच्या प्रघाताप्रमाणे दिवसातून एकदा, सकाळी आठच्या सुमारास, नेमलेला माणूस येऊन भांड्यातील पाणी नळीत ओतून पाही आणि वहीत लिही. वहीतील आकडे पुढे यथावकाश वरच्या कचेरीत जात. हवामान, शेती, सारा यांच्या हिशेबासाठी ही पद्धत उत्तम होती. भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले त्यानंतर देशभर अशा नोंदींना शिस्त आली, आणि तिचे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे. पण २८ सप्टेंबरच्या सकाळी आठ वाजता हैदराबादेत काय चालले होते? मध्यरात्रीनंतर चढू लागलेली नदी तोवर वस्त्यांतून वाहत होती. चोवीस तासांचा पाऊस मोजून वहीत लिहावयाच्या वेळेपर्यंत तो पाऊस माणसे घेऊन गेला होता.

शमशाबाद शहरापासून घोड्यावरून दोन-तीन तासांचे अंतर. राज्यात रेल्वे होती, तारायंत्र होते. वरचे तलाव एकाच क्षणी फुटले नाहीत. एकामागून एक फुटत गेले. प्रत्येक तलावावर देखरेखीला गावचा माणूस असे, आणि कट्टा पाझरू लागला की त्याला कळत असे, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याचे कामच ते. तेव्हा ‘कोणाला काही ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही. पुष्कळांना थोडेथोडे ठाऊक होते. पाणलोटातील या तुकड्यातुकड्यांच्या माहितीवरून शहराला वेळीच जागे करील, अशी बांधलेली व्यवस्था नव्हती. याचा दोष त्या काळच्या कारभाऱ्यांना देणे मला न्याय्य वाटत नाही. नद्यांच्या पुराचा शास्त्रीय अंदाज वर्तविण्याचे काम आपल्या देशात सुरू झाले ते १९५८ साली, दिल्लीजवळच्या यमुनेवर; म्हणजे मुसीच्या पुरानंतर अर्ध्या शतकाने.

पुढचे वर्णन मी थोडक्यात करतो. सकाळी अकराच्या सुमारास पूर शिगेला पोहोचला. कोळसावाडी, घांसी बाजार, अफजलगंज या वस्त्यांची दैना झाली. पेटला बुरुजाजवळ तटावर आसऱ्याला चढलेली माणसे तटच ढासळल्याने वाहून गेली, असे सांगतात. १५७८ साली कुतुबशाहीत बांधलेला पुराना पूल तेवढा टिकला. त्याच्या खालच्या बाजूचे तीन पूल निकामी झाले. अफजलगंजचे सरकारी इस्पितळ गेले. त्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर सुमारे दीडशे माणसे चढून बसली आणि वाचली. ते झाड आजही उस्मानिया इस्पितळाच्या परिसरात उभे आहे. उर्दूतील रुबाईकार अमजद हैदराबादी त्या वेळी तरुण होते. त्यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. त्यांनी पुढे त्यावर ‘कयामत-ए-सुग्रा’ ही नज्म लिहिली. एकूण किती माणसे दगावली याचा अंदाज बहुधा पंधरा हजार असा दिला जातो. पावसाची मोजणी इंचाच्या दशांशापर्यंत झाली, माणसांची मात्र हजारांत, हे लिहिताना लेखणी अडखळते.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी राजवाड्यांची दारे निराश्रितांसाठी उघडली आणि ठिकठिकाणी अन्नछत्रे घातली. त्यांनी नदीकाठी जाऊन मुसीची पूजा केली, तेव्हा पाणी ओसरले, ही कथा हैदराबादेत सर्व धर्मांचे लोक सांगतात. इतिहासाचा अभ्यासक म्हणून तिच्या तपशिलाविषयी मी मौन बाळगीन. पण ती सांगितली जाते हाही इतिहासच आहे. मदतकार्यात सरोजिनी नायडू अग्रभागी होत्या; त्यासाठी सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले, आणि पुढे जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर त्यांनी ते परत केले. आपल्या समाजापुरते बोलावयाचे तर विवेकवर्धिनी पाठशाळा स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. महाराष्ट्रातील मराठी वाचकाचे चित्त त्या महिन्यात मंडालेकडे लागलेले होते. जुलैत शिक्षा झालेले लोकमान्य टिळक नुकतेच तेथे पोहोचले होते. हैदराबादचा प्रलय तिकडच्या घरांत पोहोचला असेल तर तो बहुधा नातलगांच्या पोस्टकार्डांतून.

यानंतर या कथेत एक असा पुरुष येतो, की ज्याचे नाव प्रत्येक मराठी वाचकाला परिचित आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे म्हैसूरचे. परंतु त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले, १८८४ पासून त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली, नाशिक, खानदेश, पुणे हे त्यांचे कार्यक्षेत्र. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसविलेले स्वयंचलित दरवाजे हे त्यांचे कर्तृत्व. पाणी ठराविक पातळीवर आले की माणसाच्या हाताशिवाय उघडणारे ते दरवाजे म्हणजे पाण्याचे माप आणि त्यावरील कृती यांत वेळ दवडू नये, याच विचाराचे फळ होते. इंग्रज सरकारच्या सेवेतून बाहेर पडून ते परदेश प्रवासात असता निजाम सरकारचे बोलावणे त्यांना गेले. एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेत आले आणि ऑक्टोबरात त्यांनी अहवाल सादर केला.

त्या अहवालातील कामाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. पूर येऊन गेला होता, पात्र पुन्हा कोरडे पडले होते. आता नसलेले पाणी मोजावयाचे होते. त्यासाठी पाण्याने भिंतींवर, पुलांवर ठेवलेल्या खुणा हेच साधन. चिखलाचा पट्टा कुठवर, गवताच्या काड्या कोणत्या फांदीला अडकल्या, घरातील माणसे कोणत्या पायरीवर बोट ठेवतात, अशा खुणांची उंची मोजावयाची, नदीचा उतार आणि रुंदी घ्यावयाची, आणि त्यावरून प्रवाहाचा हिशेब मांडावयाचा. महत्तम प्रवाह निघाला सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट. मग पावसाच्या नोंदी आणि फुटलेल्या तलावांची यादी यांच्याशी तो ताडून पाहावयाचा. आमच्या माजघरातील रेघेसारख्या रेघांना तेव्हा काय मोल होते, हे मला फार उशिरा, हे सारे वाचताना कळले.

विश्वेश्वरय्यांनी असेही दाखविले, की हा पाऊस असामान्य असला तरी अभूतपूर्व नव्हे. बंगालच्या उपसागरातून येणारी वादळे देशात इतरत्र याहून मोठे पाऊस पाडून गेली आहेत. थोडक्यात, जे एकदा झाले ते पुन्हा होऊ शकते, असे धरूनच योजना केली पाहिजे. म्हणून शहराच्या वर, मुसीवर एक आणि ईसीवर एक, असे दोन जलाशय त्यांनी सुचविले. पुराचे पाणी तेथे थोपवावयाचे आणि पात्राला सोसेल तेवढेच खाली सोडावयाचे. सातव्या निजामांच्या, मीर उस्मान अली खान यांच्या, कारकिर्दीत ही योजना साकारली. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये पूर्ण झाला, ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. नदीकाठ मोकळे करून तेथे तटबंदी आणि बागा झाल्या, आणि व्हिन्सेंट एश यांनी उभारलेल्या उच्च न्यायालय, उस्मानिया इस्पितळ अशा वास्तू उभ्या राहिल्या. पुराने मोकळ्या केलेल्या जागेवरच आजच्या हैदराबादचे देखणेपण उभे आहे, हे पर्यटकांना कोणी सांगत नाही.

या दोन तलावांनी शहराला पाणी पाजले आणि त्यामुळे त्यांचे मूळ काम लोकांच्या विस्मरणात गेले. उस्मानसागराची पूर्ण पातळी १७९० फूट आणि हिमायतसागराची १७६३.५ फूट. आमच्या लहानपणी वर्तमानपत्रात हे आकडे आले, की वडीलधारी मंडळी उन्हाळ्यात नळ किती वेळ चालतील याचा अंदाज बांधीत. तीच पातळी पुराचीही घंटा आहे, असे कोणाच्या मनात येत नसे. १९९६ च्या सरकारी आदेशाने या जलाशयांच्या पाणलोटातील बांधकामांवर निर्बंध आले. ते उठविण्याचा आदेश २०२२ मध्ये निघाला. त्याच्या राजकारणात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच म्हणेन, की जलाशयात किती पाणी येणार हे तळ्याकाठच्या मोजपट्टीवर नव्हे, तर वरच्या माळरानावर काय बांधले गेले आहे त्यावर ठरते.

२०२० च्या ऑक्टोबरात शहरात जे झाले ते बहुतेकांनी अनुभवले आहे. १३ आणि १४ तारखांना मोठा पाऊस झाला. दक्षिणेकडील पल्ले चेरुवू फुटला, काही दिवसांनी गुर्रम चेरुवूही फुटला आणि खालच्या वस्त्यांत पाणी घुसले. या वेळी माहितीची वाण नव्हती. उपग्रहाची चित्रे होती, रडार होते, ठिकठिकाणी आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके होती, प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी होता. तरीही कट्टा फुटणे आणि खालच्या घरात पाणी शिरणे, यांतला क्रम १९०८ सारखाच राहिला. फुटलेल्या तलावाखाली पूर्वी शेते असत. आता तेथे घरे होती.

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. १९०८ याच वर्षी हैदराबादची निजामिया वेधशाळा सरकारच्या ताब्यात आली. नवाब जफर जंग यांनी हौसेने विलायतेहून आणविलेली दुर्बीण हा तिचा पाया. पुढे या वेधशाळेने ताऱ्यांच्या स्थाननोंदींच्या जागतिक कार्यात मोलाचा वाटा उचलला. वरच्या आकाशाचे इतके काटेकोर माप घेणाऱ्या शहराला खालच्या नदीचे माप वेळेवर मिळू नये, असे कोणी उपहासाने म्हणेल. पण मोजण्याची ही सवय शहराच्या अंगी भिनली खरी. १९६१ मध्ये राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था येथे स्थापन झाली. कोयनेच्या १९६७ सालच्या भूकंपानंतर, जलाशय आणि भूकंप यांचा संबंध उलगडण्यासाठी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दशकानुदशके काम केले आहे.

किल्लारीचे स्मरण तर टाळताच येत नाही. दि. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून दमलेली गावे झोपली होती. मी तेव्हा एम.ए.चा विद्यार्थी होतो. हैदराबादेतही पलंग हलले आणि आम्ही अंगणात आलो. लातूर-उस्मानाबादचा हा सारा मुलूख पूर्वी हैदराबाद संस्थानातला, त्यामुळे इथल्या कित्येक मराठी घरांचे सोयरे तिकडे होते. सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्याआधी वर्षभर किल्लारी परिसरात लहान धक्के बसत होते. गावकऱ्यांना ते कळत होते, वर्तमानपत्रांत येत होते. ऑक्टोबर १९९२ मधील धक्का तर घरांना तडे पाडण्याइतका होता. भूकंपाची वेळ आधी सांगणारे शास्त्र तेव्हा नव्हते, आजही नाही. लहान धक्के म्हणजे मोठ्याची वर्दी, असा नियमही नाही. बहुतेक वेळा ते तसेच शमतात. पण त्या जाड दगडी भिंती आणि मातीचे जड धाबे या धक्क्यांपुढे टिकतील काय, एवढा प्रश्न मात्र विचारता आला असता. त्याचे उत्तर द्यावयाला भूकंपमापकाची गरज नव्हती.

आज या शहरात आणखी एक केंद्र आहे. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर, ऑक्टोबर २००७ मध्ये, भारताचे सुनामी इशारा केंद्र हैदराबादेत सुरू झाले. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावात समुद्राचा पहारा का, असे बाहेरचे लोक विचारतात. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्रापाशी ८.६ क्षमतेचा भूकंप झाला तेव्हा केंद्राने आठ मिनिटांत पहिली सूचना दिली, आणि मोठी लाट येणार नाही हेही वेळीच सांगितल्याने मुख्य भूमीवरचे किनारे विनाकारण रिकामे करावे लागले नाहीत. १९०८ मध्ये शमशाबादहून अफजलगंजपर्यंत जी बातमी पोहोचली नाही, त्या गावातून आज तिच्या शेकडो पटींनी दूर बातमी जाते.

२०२५ च्या सप्टेंबर अखेरीस दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले. मुसी चढली आणि गौळीगुड्यालगतच्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले. दिवस जवळजवळ तेच, तुगयानीचे. या वेळी पाणी सोडण्यापूर्वी इशारे दिले गेले होते. रात्री उशिरा चुलतभावाचा दूरध्वनी आला. तो अजून त्याच घरात राहतो. इशारा त्यालाही मिळाला होता. पाणी किती फूट सोडले आहे, जलाशयाची पातळी काय आहे, हे सारे त्याच्या हातातील पडद्यावर होते. त्याला विचारावयाचे होते ते निराळेच.

‘तात्या, ती रेघ नेमकी कुठवर होती रे? कमरेएवढी की छातीएवढी?’

मी उठून आमच्या इथल्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो, आजीचा हात आठवून पाहिला. पण आजी उंचीने ठेंगणी होती, आणि मी तेव्हा किती उंच होतो, ते काही केल्या आठवेना.